एकशे चौऱ्याहत्तर नकार

१

मुलुंड पूर्वेचे शरच्चंद्र टिपणीस शनिवारी दुपारी आपल्याच पलंगावर गुदमरून मेले. वय एकोणऐंशी. फुप्फुसं सुकत चालली होती, दृष्टी दोन वर्षांपूर्वी गेली होती, आणि निसटलेली नळी उचलून नाकात घालण्याइतकी ताकद हातात उरली नव्हती. घरचे पाच वाजता परतले तेव्हा ऑक्सिजनचं मशीन उशाशी इमानेइतबारे चालू होतं. प्राणवायू चादरीवर सांडत होता.

अशा माणसाला एकटं कसं ठेवलं, असं तुम्ही विचाराल. तर तो एकटा नव्हता, निदान कागदावर तरी नव्हता. त्याच्या बोटाला एक चिमटा असे आणि चिमट्याला जोडलेलं एक छोटं यंत्र. रक्तातला प्राणवायू घसरला की ते यंत्र घरच्या इंटरनेटवरून अंधेरीतल्या देखरेख केंद्राला हाक मारी. केंद्रातली नर्स लगेच घरी फोन करी. टिपणिसांची नळी आठवड्यातून दोन-तीनदा निसटायचीच. फोन यायचा, कुणीतरी नळी बसवायचं, संपलं. यंत्राचा स्वतःचा आवाज अप्पांनीच, म्हणजे टिपणिसांनीच, बंद करायला लावला होता. कानाशी टीटी त्यांना खपत नसे.

त्या शनिवारी फोन आला नाही. केंद्रात त्या पाळीला होती श्रुतिका मेस्त्री, वय चोवीस. टिपणिसांच्या घरच्यांनी तिचं नाव घालून पोलिसांत तक्रार दिली. मंगळवारी तिचा फोटो मुलुंड ते ठाणे प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर फिरत होता, खाली ‘खुनी नर्स’. केंद्राने तिला घरी बसवलं. सोमवारी अकरा वाजता तिला पोलिसांनी बोलावलं होतं, आणि तिथून ती घरी परत येईल असं कुणालाही वाटत नव्हतं.

मला केंद्राचं बोलावणं आलं गुरुवारी. मी वसुधा चित्रे. मी लॉग वाचते. फायरवॉल म्हणजे जाळ्याच्या दारावरचा चौकीदार; कोण आत आलं, कोण बाहेर गेलं, कुणाला परत पाठवलं, हे तो सेकंदासकट लिहून ठेवतो. ते लिखाण म्हणजे लॉग. जगात इतकं प्रामाणिक लिखाण दुसरं नाही, आणि इतकं न वाचलं जाणारंही नाही.

केंद्राचे प्रमुख श्यामसुंदर राजे यांनी मला खुर्ची दिली आणि उत्तरही दिलं.

“मॅडम, सरळ केस आहे. अलार्म आला, पोरीने बघितला, बंद केला आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं. तुमच्या सहीने तेवढं आलं की सोमवारी विषय क्लोज.”

“लॉग न बघता?”

“बघा ना. फॉर्मॅलिटी म्हणून बघा.”

फॉर्मॅलिटी म्हणून मी तीन तास बघितलं. टिपणिसांच्या यंत्राची ‘मी जिवंत आहे’ ही हजेरी दर पाच मिनिटांनी येत होती. शनिवारी दुपारभर आली, मृत्यूनंतरही येत राहिली. आणि अलार्म? तो बंद केलेला नव्हता, पुसलेला नव्हता, दुर्लक्षिलेलाही नव्हता.

तो अंधेरीला आलाच नव्हता.

२

श्रुतिका कांदिवलीला राहते. दार तिच्या वडिलांनी उघडलं. गुणाजी मेस्त्री, कणकवलीकडचे, गिरणी बंद पडल्यावर वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केलेले. मी आत पाऊल टाकायच्या आधीच म्हणाले, “बाईनू, माझ्या चेडवान कायएक करूक नाय.”

“तेच शोधतेय,” मी म्हटलं. मी कुणाला उगाच धीर देत नाही. खोटा ठरला तर जास्त लागतो.

श्रुतिका कॉटवर बसली होती. चार दिवसांत तिने भांग पाडला नव्हता. समोर ठेवलेला तिचा मोबाइल दर मिनिटाला थरथरत होता आणि ती त्याच्याकडे बघत नव्हती.

“शिव्या येतात,” ती म्हणाली. “एकाने लिहिलंय, तुझ्याच नाकात नळी घालून ती काढायला हवी. ओळखत पण नाही मी त्याला.”

“शनिवारी स्क्रीनवर काय होतं?”

“हिरवं. अख्खी दुपार हिरवं. मी चाळीस पेशंट बघते मॅडम, टिपणिसांकडे माझं जास्तच लक्ष असायचं. आठवड्यातून दोन-तीनदा मीच तर फोन करायचे. टिपणीस आजी उचलायच्या. नळी बसवून झाली की दोन मिनिटं बोलायच्या.”

“प्राणवायूचा आकडा दिसत नाही तुला?”

“सकाळ-संध्याकाळ दोनदाच येतो. मधे घसरला तरच अलार्म. तसंच बनवलंय.”

म्हणजे हिरवा दिवा एवढंच सांगत होता की यंत्र चालू आहे. यंत्राची नाडी केंद्राला कळत होती, माणसाची कळत नव्हती. स्वस्तात बनवलेल्या वस्तूची हीच गंमत, आणि ती गंमत श्यामसुंदरांना नक्की ठाऊक होती.

“सोमवारी मला आत टाकतील ना?” तिने विचारलं.

“अलार्म घरातून निघाला आणि वाटेत अडला, हे दाखवता आलं नाही तर टाकतील,” मी म्हटलं. दाराशी उभ्या तिच्या आईने तोंडाला पदर लावला. मला वाईट वाटलं, पण प्रश्न तिने विचारला होता.

३

टिपणिसांच्या घरी चपलांच्या कपाटावर एक काळी पेटी लुकलुकत होती. घरातली फायरवॉल. साध्या दोन खोल्यांच्या फ्लॅटात मी एवढी महाग पेटी कधी बघितली नव्हती.

“अप्पांची,” मुलगा अनय म्हणाला. वय सेहेचाळीस, अंधेरीच्या एका कंपनीत नेटवर्कचा मॅनेजर. “टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पस्तीस वर्षं सुपरवायझर होते. रिटायर झाल्यावर घराचंच एक्स्चेंज केलं. कोण कुठली साइट बघतं, कोण कुणाशी किती वेळ बोलतं, सगळं त्यांना कळायला हवं. नाही आवडलं की ब्लॉक.”

“पासवर्ड?”

“मला कधी दिला नाही. मी नेटवर्कमधला असून! म्हणायचे, तू गाढव आहेस.”

पासवर्ड अप्पांच्या टॅबमध्ये साठवलेला होता. टॅब त्यांच्या खोलीत, उशीपाशी. ज्याला टॅब उघडता येतो त्याला पेटी उघडता येते. मी उघडली आणि शनिवार काढला.

तीन वाजून बावन्न मिनिटांनी नळी निसटली असावी, कारण तेव्हा यंत्राने अचानक घड्याळ विचारलं. हाक मारण्याआधी यंत्र इंटरनेटवरच्या घड्याळाकडून वेळ तपासून घेतं. पेटीने नकार दिला. मग यंत्राने केंद्राला हाक मारली. नकार. दहा सेकंदांनी पुन्हा. नकार. दहा सेकंदांनी पुन्हा.

मी मोजत गेले. एकोणतीस मिनिटं, एकशे चौऱ्याहत्तर हाका, एकशे चौऱ्याहत्तर नकार. चार एकवीसला हाका थांबल्या. चिमट्याला बोटात नाडी सापडेनाशी झाली, तेव्हा यंत्राने ठरवलं की चिमटा बोटातून निघाला असणार, आणि ते गप्प बसलं. तेवढ्या वेळात तीन छप्पन्न, चार एक, चार सहा, चार अकरा, चार सोळा, हजेरी मात्र सुखरूप अंधेरीला पोचत होती.

 वीस वर्षं लॉग वाचतेय, पण माणूस मरताना कधी वाचला नव्हता.

यंत्र बाहेर जायला तीन दारं वापरतं, प्रत्येकाला नंबर. एक हजेरीचं, एक घड्याळाचं, एक अलार्मचं. अलार्मचं म्हणजे नऊ हजार शंभर. पेटी बिघडली असती तर तिन्ही बंद पडली असती. इथे हजेरीचं उघडं होतं आणि उरलेली दोन बंद. तसा नियमच पेटीत लिहिलेला होता, फक्त त्या एका यंत्रासाठी. तारीख होती मृत्यूच्या दोन दिवस आधीची, गुरुवार, सकाळी अकरा वीस. अप्पांच्याच टॅबवरून.

आंधळ्या माणसाने स्वतः तो लिहिलेला नव्हता. म्हणजे या घरातल्या कुणीतरी म्हाताऱ्याचा गळा बंद केला होता, आणि केंद्रातला दिवा मुद्दाम हिरवा ठेवला होता.

४

गुरुवारी अकरा वीसला घरात तिघं होती. अनय घरून काम करत होता. सून शर्मिष्ठा रजेवर होती. आणि अप्पांची बायको नलिनी, त्र्याहत्तर वर्षांच्या.

शनिवारी अनय आणि शर्मिष्ठा बोरिवलीला लग्नाला गेले होते. नलिनीकाकू दुपारी तीनला खाली सोसायटीच्या हॉलमध्ये भजनाच्या सरावाला गेल्या, मोबाइल सोबत घेऊन. अलार्म झाला की केंद्र त्याच मोबाइलवर फोन करी आणि काकू दोन जिने चढून वर येत. फोन आला नाही, काकू आल्या नाहीत.

मी अनयला नियम दाखवला. त्याने तो वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला.

“हे मी केलं असं वाटतंय ना तुम्हाला?”

“या घरात दुसऱ्या कुणाला फायरवॉलचा नियम लिहिता येतो?”

“अहो, मी कशाला… मी आधीच वेगळं राहायचं म्हणत होतो. मला मारायचं नव्हतं त्यांना. मला फक्त जायचं होतं.”

शर्मिष्ठाला मी स्वयंपाकघरात गाठलं. ती लपवाछपवी करणारी नव्हती.

“खरं सांगू? ते गेले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. माझ्या बहिणीचे व्हिडिओ कॉल बंद केले त्यांनी. का, तर मी हसते म्हणून. आणि यंत्र बसवायला माणूस आला होता ना, तेव्हा सही मीच केली. माहितीपत्रक माझ्याच फाइलीत आहे. कुठलं दार कशाचं, सगळं लिहिलंय त्यात. पकडा मला.”

तिने स्वतःहून फाइल आणून आपटली. पत्रकात अलार्मचा नंबर ठळक छापलेला होता. घड्याळाचा कुठेच नव्हता.

नलिनीकाकूंनी मला कोकम सरबत दिलं. बारीक अंगाच्या, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, भर उकाड्यात कोपरापर्यंत बाह्या.

“काकू, ही पेटी कशी चालते माहितीय?”

“मला त्यातलं काय कळतंय? हे सगळं ह्यांचं.” पेला देताना त्यांचा पदर सरकला. दंडाच्या आतल्या बाजूला, बाहीच्या काठाशी निळे-हिरवे छोटे डाग होते. त्यांनी लगेच पदर ओढला.

सोफ्यावर बसून मी नियम पुन्हा वाचला, आणि माझा संशय ज्याच्यावर होता तो माणूस माझ्याच डोळ्यांसमोर निर्दोष ठरला.

५

रविवारी दुपारी चारला मी तिघांना हॉलमध्ये बसवलं. सोमवारचे अकरा वाजायला जेमतेम एकोणीस तास होते.

“हा नियम कुणी लिहिला नाही ते आधी सांगते,” मी म्हटलं. “अनयने लिहिला नाही. नेटवर्कवाल्याला घड्याळाचं दार अर्ध्या झोपेतही ओळखता येतं. ते बंद करून काही साधत नाही हे त्याला ठाऊक आहे. त्याने फक्त अलार्मचं दार बंद केलं असतं. शर्मिष्ठानेही लिहिला नाही. तिने पत्रक बघून लिहिला असता, आणि पत्रकात घड्याळाचा नंबरच नाही.”

“मग?” अनयने विचारलं.

“लिहिणाऱ्याला दारांचे अर्थ माहीत नव्हते. त्याला एवढंच माहीत होतं की अलार्म झाला की लॉगमध्ये दोन ओळी जोडीने येतात. त्यातली हाक कुठली हे कळत नव्हतं, म्हणून दोन्ही बंद केल्या. हे कुणाला सुचेल? जो कधी नेटवर्क शिकला नाही, पण ज्याने हा लॉग रोज वाचलाय. पाठ होईपर्यंत.”

“लॉग फक्त अप्पा बघायचे,” शर्मिष्ठा म्हणाली.

“अप्पांना दोन वर्षं दिसत नव्हतं. तरी या टॅबवर लॉगचं पान रोज चार वाजता उघडलंय, चाळीस मिनिटं. चार वाजता तुम्ही दोघं ऑफिसात असता.”

 मला पुरावा अजून हवा होता, आणि तो मिळवायची एक रीत मला सुचली होती. ती चांगली रीत नव्हती.

मी टॅब घेतला आणि शनिवारच्या ओळी मोठ्याने वाचू लागले. तारीख, वेळ, दाराचा नंबर, नकार. तारीख, वेळ, नंबर, नकार. वीस ओळी एकसुरात वाचल्या. एकविसाव्या ओळीला मी नऊ हजार शंभरच्या जागी मुद्दाम नऊ हजार दहा वाचलं.

अनयच्या लक्षात आलं नाही. शर्मिष्ठाच्याही नाही. नलिनीकाकूंनी मात्र दचकून डावा दंड उजव्या हाताने झाकला आणि खांदा आत घेतला.

“आई?” अनय म्हणाला.

काकूंनी हात काढला, पदर नीट केला. “शंभर आहे ते,” त्या शांतपणे म्हणाल्या. “चुकलं की चिमटा. रोज चारला. एक एक अक्षर, एक एक आकडा वाचून दाखवायचा. सुनेने काय बघितलं, मुलगा कुणाशी बोलला, केंद्राचा फोन हाकेनंतर किती सेकंदांनी आला. बंद करायचं असेल ते माझ्याच हातून बंद करून घ्यायचे. तुझ्या बहिणीचं दार मीच बंद केलंय गं शर्मिष्ठा, त्यांच्या सांगण्यावरून.”

“आम्हाला सांगितलं का नाहीस?”

“डाग दिसत नव्हते का तुम्हाला?”

 दिसत होते, हे अनयच्या तोंडावरच होतं.

“नळीला मी हात लावला नाही,” काकू मला म्हणाल्या. “ती आपली आपणच निसटायची. मी गुरुवारी दार बंद केलं आणि दुपारी खाली जाऊन बसले. शुक्रवारी पण गेले.”

“शुक्रवारी?”

“नाही निसटली. वर आले तर सरबत मागितलं त्यांनी. करून दिलं.”

“आणि नियम नंतर काढून का नाही टाकलात?”

“कशाला? या घरात माझ्याशिवाय वाचणारं होतं कोण?”

“श्रुतिकाचा विचार नाही आला मनात? उद्या ती आत जाईल.”

त्यांनी खरोखर विचार केला. “तरुण आहे. निभावून नेईल.”

“आणि नाही निभावलं तर?”

“मी एकोणिसाव्या वर्षी या घरात आले, तेव्हा माझ्याबद्दल असं विचारलं होतं कुणी?”

मी पेटीची प्रत पिशवीत घातली आणि निघाले. अनय जिन्यापर्यंत माझ्यामागे आला. त्याने हात जोडले.

“वसुधाताई, आई किती जगणार आहे आता? पेटी बिघडली होती असं लिहा ना. ती मुलगी पण सुटेल, आई पण सुटेल.”

“पेटी बिघडली तर दोन दारं बंद आणि एक उघडं राहत नाही. पोलिसांचा माणूस तासाभरात ते सांगेल, आणि मग श्रुतिकाला सोडवणारा कागदच खोटा ठरेल.”

“पण तुम्हाला कळतंय ना आईचं?”

“मला कळतंय. तुला दोन वर्षं कळत होतं,” मी म्हटलं आणि खाली उतरले. क्रूर बोलले, माहीत आहे. मागे घेणार नाही.

६

सोमवारी साडेदहाला माझा अहवाल, पेटीची प्रत आणि नलिनी टिपणीस अशी तिन्ही पोलीस ठाण्यात हजर होती. काकू स्वतःहून आल्या, इस्त्रीच्या साडीत. श्यामसुंदरही आले होते. हिरव्या दिव्याचा परिच्छेद वगळता येईल का, एवढंच त्यांनी मला विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. मी त्या दुःखातून सावरेन.

श्रुतिकाला एक वाजता जायला सांगितलं. फोटो टाकणाऱ्यांपैकी कुणी माफी मागितली नाही. एक-दोघांनी तो पुसला, बाकीच्यांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत. ती बाहेर बाकावर येऊन बसली. हातात तक्रारीची प्रत होती.

“केंद्राने माझं नाव बाहेर दिलं नव्हतं,” ती म्हणाली. “राजे सर शपथेवर सांगतात. आम्हाला फोनवर नाव सांगायला बंदी आहे, नुसतं ‘केंद्रातून बोलतेय’ म्हणायचं. मग यात पहिल्याच ओळीत माझं नाव कसं?”

मी तिच्या हातातली प्रत बघितली.

“आजींनी दिलं?”

“हो.”

“पण त्यांना माहीत होतं मी काही केलं नाही. सगळ्या जगात त्यांना एकटीलाच माहीत होतं.” तिने आपल्या नावावर बोट ठेवलं. “मी एकदा विचारलं होतं त्यांना, आजी तुम्ही जेवलात का. त्या रडल्या होत्या फोनवर. म्हणाल्या, तुझं नाव सांग ना बाळा. म्हणून मी नियम मोडून सांगितलं. मग माझंच का दिलं त्यांनी?”

खोटं सांगता आलं असतं. पण ती विचारत होती, आणि हे तिला पुढे कधीतरी स्वतःहून कळलंच असतं.

“त्यांना तिथलं दुसऱ्या कुणाचं नावच माहीत नव्हतं,” मी म्हटलं.

श्रुतिकाने तक्रारीची घडी घातली. गुणाजी तिची चप्पल सरळ करून समोर ठेवत होते, पण तिला उठता येईना.